लाडकी गाडी आणि धंद्याचा हिशेब

धंद्यातली गाडी म्हणजे लोखंड आणि रबर एवढेच नसते. पहिल्या कमाईतून घेतलेला टेम्पो विकताना भल्याभल्यांचा हात थरथरतो. शेजारीपाजारी त्या गाडीवरून आपल्याला ओळखतात, मुले तिच्यावर बसून मोठी झालेली असतात. म्हणून गाडी बदलण्याचा विचार मनात आला की आपण हिशेब करायचे टाळतो, किंवा मनाला हवे ते उत्तर येईल असाच हिशेब करतो. या दोन्ही चुका कशा टाळाव्यात, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

उदाहरण अमेरिकेचे घेऊ. त्याचे कारण असे की, आपल्याकडे शौकाची गाडी वेगळी आणि मालाची गाडी वेगळी असते. अमेरिकेत मात्र मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाच 'ट्रक' म्हणतात, आणि तीच गाडी सुताराची हत्यारे वाहते, तीच रविवारी घरच्यांना फिरवते. त्यामुळे शौक आणि धंदा एकाच गाडीत कसे गुंततात, हे तेथे स्पष्ट दिसते.

शर्यतीचा घोडा, ओझ्याचा बैल

पिकअपला शर्यतीच्या गाडीचे इंजिन बसविण्याची हौस तेथे जुनी आहे. १९९१ साली जीएमसी कंपनीने 'सायक्लोन' नावाची पिकअप काढली. तिला टर्बो इंजिन होते, शक्ती २८० अश्वशक्ती. वेगात ती नामांकित स्पोर्ट्स गाड्यांना मागे टाकी. पण माल वाहण्याची मर्यादा होती अवघी ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो. दोन धिप्पाड माणसे आत बसली की मालाला फारशी जागाच उरत नसे.

याच जातीची अलीकडची गाडी म्हणजे २०२१ च्या नमुन्याची 'रॅम टीआरएक्स'. ६.२ लिटरचे सुपरचार्ज केलेले आठ सिलिंडरचे इंजिन, ७०२ अश्वशक्ती, ३५ इंची टायर. वाळवंटात उड्या मारीत धावण्यासाठी बनविलेली ही गाडी. किंमत सुरू होई सुमारे ७०,००० डॉलरपासून. सरकारी चाचणीत तिचे सरासरी ॲव्हरेज गॅलनला १२ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम ५ किलोमीटर.

त्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, फोर्ड कंपनीने 'मॅव्हरिक' ही छोटी पिकअप जाहीर केली. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एकत्र असलेला तिचा हायब्रिड प्रकार त्या वेळी १९,९९५ डॉलरपासून मिळे. पुढे किंमत बरीच वाढली. शक्ती १९१ अश्वशक्ती. ॲव्हरेज गॅलनला ३७ मैल, म्हणजे लिटरला साडेपंधरा किलोमीटरहून थोडे जास्त.

आता कारागिराच्या कामाचा आकडा पाहा. टीआरएक्सची माल वाहण्याची मर्यादा १,३१० पौंड, म्हणजे सुमारे ५९४ किलो. मॅव्हरिकची १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो. निम्म्याहून कमी किमतीची, चौथाई ताकदीची गाडी हौद्यात जास्त माल नेते!

यात जादू काही नाही. प्रत्येक गाडीचे मालासह एकूण वजन किती असावे, याची कमाल मर्यादा ठरलेली असते. जड इंजिन, जड चाके आणि मजबूत सांगाडा त्यातला मोठा हिस्सा आधीच खातात. शिवाय खड्ड्यांतून वेगाने जाण्यासाठी स्प्रिंगा मऊ ठेवाव्या लागतात, आणि मऊ स्प्रिंग ओझे पेलत नाही.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मागे ट्रेलर ओढायचा असेल तर टीआरएक्स ८,१०० पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक ओढते. हायब्रिड मॅव्हरिक जादा सोय न घेता २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०० किलोच ओढते. ज्याचे रोजचे काम जड ट्रेलरचे आहे, त्याने मॅव्हरिककडे पाहूच नये. तेव्हा पहिला नियम असा: गाडीची ताकद किती हे विचारण्याआधी आपले काम काय, हे विचारावे.

हप्त्याचा मोह

समजा, टेक्सासमधील एका सुताराने २०२१ मध्ये टीआरएक्स घेतली. लाकूड, हत्यारे आणि तयार कपाटे तो तिच्यातून नेतो. वर्षाला १२,००० मैल धावतो. पुढील रकमा हिशेब समजावा म्हणून धरलेल्या आहेत. आज गाडीला बाजारात ५२,००० डॉलर येतात. कर्ज बाकी ३८,००० डॉलर, महिन्याचा हप्ता १,२५०. बदल्यात घ्यायची नवी मॅव्हरिक ३०,००० डॉलरची. व्याज दोन्हीकडे वर्षाला ७ टक्के धरू, पेट्रोल गॅलनला ३ डॉलर.

जुनी गाडी देऊन, तिचे कर्ज फेडून सुताराच्या हाती १४,००० डॉलर उरतात. ते नव्या गाडीत घातले की १६,००० डॉलरचे कर्ज लागते. चार वर्षांच्या मुदतीने हप्ता पडतो सुमारे ३८३ डॉलर. विक्रेता लगेच म्हणेल, 'महिन्याला ८६७ डॉलर वाचले! पेट्रोलचे १६९ धरले तर हजाराच्या वर बचत!'

येथेच सावध व्हावे. हप्ता कमी झाला म्हणजे खर्च तेवढा कमी झाला, असे नाही. जुन्या गाडीचा हप्ता ३४ महिन्यांत संपणार होता, आणि तिच्या हप्त्यातला मोठा भाग मुद्दल फेडण्यात जात होता. मुद्दल फेडणे म्हणजे खर्च नव्हे, ती आपलीच पुंजी होते. सौदा झाला त्या दिवशी सुताराची मालमत्ता तसूभरही वाढलेली नसते. आधी ५२,००० ची वस्तू आणि ३८,००० चे कर्ज. नंतर ३०,००० ची वस्तू आणि १६,००० चे कर्ज. दोन्हीकडे त्याचे स्वतःचे १४,००० च.

मग खरी बचत कोठे आहे? ती तीन ठिकाणी आहे.

पहिले, पेट्रोल. टीआरएक्सला १२,००० मैलांना १,००० गॅलन लागतात, ३,००० डॉलर. मॅव्हरिकला ३२४ गॅलन, ९७३ डॉलर. बचत २,०२७.

दुसरे, व्याज. पहिल्या वर्षी जुन्या कर्जावर सुमारे २,२५६ डॉलर व्याज जाते, नव्यावर १,००६. बचत १,२५०.

तिसरे, घसारा. गाडीची किंमत उभ्या उभ्याही घटत असते. वर्षाला १२ टक्के घट धरली तर ५२,००० च्या गाडीचे ६,२४० डॉलर हवेत जातात, ३०,००० च्या गाडीचे ३,६००. बचत २,६४०.

तिन्हींची बेरीज ५,९१७ डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे ४९०. विक्रेत्याने सांगितलेल्या हजाराच्या निम्मीसुद्धा नाही. तरीही एका कारागिराच्या धंद्यात वर्षाला जवळजवळ सहा हजार डॉलर ही लहान रक्कम नव्हे. एक चांगली रंधा मशीन आणि महिनाभराचे लाकूड त्यात येऊ शकते. म्हणून सौदा करावा, पण खऱ्या आकड्यावर करावा.

जुने कर्ज नव्या गाडीत

आता हाच सौदा विषारी कसा होतो ते पाहू. त्याच गाडीला बाजारात ५२,००० ऐवजी ३३,००० च येत असतील, तर ती विकूनही ५,००० डॉलर कर्ज उरते. विक्रेता हसून सांगतो, 'काळजी नको, तुमचे जुने कर्ज आम्ही फेडू.' तो फेडतो खरे, पण ते पाच हजार नव्या कर्जात मिसळून. ३०,००० च्या गाडीवर ३५,००० चे कर्ज होते. मग मुदत सात वर्षांची करून हप्ता ५२८ डॉलरवर आणून दाखवतो. १,२५० वरून ५२८! माणूस खूश होऊन घरी जातो. प्रत्यक्षात सात वर्षांत तो सुमारे ४४,४०० डॉलर भरणार असतो.

अशा वेळी शहाणपण हेच की, गाडीची किंमत कर्जाच्या वर येईपर्यंत थांबावे, शक्य तर मुद्दल थोडे जास्त फेडावे, आणि मगच बाजारात उतरावे. कर्ज दुसऱ्या कर्जाने झाकले तर ते मिटत नाही, फक्त नजरेआड होते.

आणखी एक बारकावा. गाडी शोरूमला द्यावी की परस्पर विकावी? परस्पर गिऱ्हाईक बहुधा जास्त देते. पण टेक्सासमध्ये विक्रीकर ६.२५ टक्के असून, जुनी गाडी विक्रेत्याला दिली तर तिची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवरच तो लागतो. आपल्या सुताराची जुनी गाडी नवीपेक्षा महाग, म्हणजे कर शून्य. परस्पर विकली तर पूर्ण ३०,००० वर १,८७५ डॉलर भरावे लागतील. तेव्हा बाहेरच्या गिऱ्हाइकाने ५३,८७५ च्या वर दिले तरच फायदा. कॅलिफोर्नियात अशी वजावट नाही, तेथे हिशेब वेगळा. भाव सांगितला म्हणजे सौदा कळला असे नाही. त्या भावावर कर किती, हेही कळले पाहिजे.

कधी बदलू नये

कर्ज फिटलेले असेल आणि गाडी वर्षाला ३,००० मैलच धावत असेल, तर पेट्रोलची बचत केवळ ५०० डॉलरच्या आसपास राहते, व्याजाची काहीच नाही. अशा वेळी गाडी ठेवणेही चूक नाही. मात्र ती शौक म्हणून ठेवली आहे हे कबूल करावे आणि तिचा खर्च घरखर्चात लिहावा, दुकानाच्या वहीत नव्हे. शौक हा गुन्हा नाही. शौकाला धंद्याचे नाव देणे ही फसवणूक आहे, आणि त्यात फसतो आपण स्वतःच.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडे टीआरएक्सऐवजी मोठी जीप किंवा गरजेपेक्षा मोठा ट्रक असेल, गणित तेच राहते. २००५ मध्ये टाटा कंपनीने 'एस' ही पाऊण टन माल वाहणारी चारचाकी काढली. लोकांनी तिला 'छोटा हाथी' म्हटले. भाजीवाल्यापासून फर्निचरवाल्यापर्यंत अनेकांनी ती का घेतली? कारण तिचे आकारमान त्यांच्या कामाएवढे होते.

गाडी विकताना आपल्याकडे एक काळजी मात्र जरूर घ्यावी. चावी आणि पैसे यांची देवघेव झाली म्हणजे व्यवहार संपत नाही. २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म भरून आरटीओत नाव बदलल्याची खात्री करावी. कर्ज असेल तर बँकेचा दाखला घेऊन नोंदणीपुस्तकातील बोजा उतरवावा. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक मानला जाऊन अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विकलेली गाडी अशी वर्षांनंतर दारात परत येऊ शकते.

शेवटी, कागद घेऊन पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. गेल्या महिनाभरात सर्वांत जड माल किती किलोचा नेला? गाडीचा आजचा भाव किती आणि कर्ज किती? दर किलोमीटरला इंधन किती पैशांचे? वर्षाचे व्याज आणि घसारा मिळून किती? आणि ही गाडी कोणी पाहिली नसती, तरीही मी ती ठेवली असती का?

पहिल्या चार उत्तरांना आकडे लागतात. पाचव्याला प्रामाणिकपणा लागतो, आणि बहुतेक सौदे तेथेच ठरतात. लाडक्या गाडीला निरोप देताना मन भरून आले तर येऊ द्यावे. तिने आपले काम केले आहे. आता दुकानाचे काम पुढे चालले पाहिजे.