पेव आणि गठाण : व्हिक्टोरियाकालीन वऱ्हाडातील दैनंदिन जीवन व त्याची साधने

प्रास्ताविक

इंग्लंडमध्ये १८९९ साली काउंटीवार स्थानिक इतिहास लिहिण्याची एक बृहद्योजना आरंभिली गेली आणि तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव देण्यात आले. गावोगावची शेतजमीन, चर्च, शाळा, बाजार आणि घराणी यांचा सप्रमाण वृत्तान्त सिद्ध करणे हा तिचा हेतू होता. या हेतूस तेथील पॅरिशच्या नोंदवह्यांचा आधार होता. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक तेथे १५३८ पासून होता. त्यामुळे सामान्य शेतमजुराचेही निदान नाव आणि जन्ममृत्यूचे दिवस हाती लागण्याची शक्यता असे.

त्याच १८९९ साली त्याच राणीच्या साम्राज्यातील वऱ्हाडात पाऊस दडी मारून बसला. अमरावती-अकोल्याकडील कुटुंबे सरकारी मदतीच्या कामांवर खडी फोडू लागली. या कुटुंबांची नावे सांगणारी नोंदवही नाही. मग त्यांच्या दैनंदिन जीवनाचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाइतकाच मराठी साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे. प्रस्तुत लेखात 'पेव' आणि 'गठाण' या दोन शब्दांच्या आधारे त्या प्रश्नाचा विचार केला आहे.

१. कालखंडाची चौकट

१८५३ च्या तहान्वये निजामाने हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला. प्रदेशाचे स्वामित्व नावापुरते निजामाचे आणि कारभार रेसिडेंटमार्फत इंग्रजांचा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. १९०२ च्या कराराने वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीचा उत्तरार्ध आणि वऱ्हाडातील इंग्रजी अमलाचे पहिले अर्धशतक हे अशा रीतीने जवळजवळ एकच ठरतात.

या अर्धशतकात तीन घटना निर्णायक ठरल्या. पहिली, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासली. दुसरी, १८६७ पर्यंत भुसावळहून अकोला-बडनेरामार्गे नागपूरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला. १८७० मध्ये खामगावच्या शाखेचे उद्घाटन खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी केले. तिसरी, रयतवारी पद्धतीची जमीनमोजणी होऊन खातेदाराच्या नावे जमीन लागली आणि सारा रोख हप्त्यांनी भरणे आले. ज्या जमिनीवर खातेदाराचा हक्क सिद्ध झाला, तीच जमीन त्यामुळे गहाण ठेवण्यास आणि विकण्यासही मोकळी झाली.

२. सरकारी साधनांची दृष्टी

या काळाचे सर्वांत संपन्न साधन म्हणजे आल्फ्रेड लायल यांनी संपादिलेले १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर. १८६७ ची खानेसुमारी, १८८१ चा किट्स यांचा जनगणना अहवाल आणि १९१० च्या सुमाराची अकोला व अमरावती जिल्ह्यांची गॅझेटियरे ही त्याच मालिकेतील होत. पिके, जाती, सण, पोशाख, आहार, घरांची बांधणी यांविषयी त्यांत विपुल माहिती आहे. तथापि ही साधने कारभाराच्या सोयीसाठी निर्माण झाली, हे विसरून चालत नाही. साऱ्याच्या दृष्टीने जे मोजण्याजोगे ते त्यांत ठळक होते. घरातील जे कधी बाजारात आले नाही, ते पुसट राहते.

जनगणनेच्या आकड्यांचे उदाहरण घेता येईल. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आली. दुष्काळ आणि त्यासोबत आलेली रोगराई यांचे विदारक प्रमाण हा आकडा देतो. परंतु कापसाने श्रीमंत झालेला म्हणून गणला गेलेला हा प्रदेश एका पावसाच्या अभावी असा का कोसळला, याचा उलगडा आकड्यातून होत नाही.

३. पेवाकडून गठाणीकडे

पेव म्हणजे धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेला खोल खड्डा. तळाशी व कडेने कडबा लावून त्यात ज्वारी भरावयाची आणि तोंड मातीने लिंपून टाकावयाचे, ही रीत वऱ्हाडात रूढ होती. पेव ही केवळ साठवणीची सोय नव्हती. खळ्यावर सुतार, लोहार, चांभार, महार यांना मिळणारे बलुते धान्यरूप होते. सालदाराच्या मोबदल्यातही धान्याचा वाटा असे. अडलेल्या घराला उसने दिले जाई तेही धान्यच. धान्याचा साठा हा अशा प्रकारे गावातील परस्परसंबंधांचा पाया होता. त्या संबंधांत जातीची उतरंड आणि अपमान होता, हेही तितकेच खरे. म्हणून त्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही.

कापूस वऱ्हाडाला नवा नव्हता. लोहमार्गापूर्वीही बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून तो थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. परंतु तेव्हा ज्वारी हा शेतीचा कणा होता. युद्धकाळातील तेजीनंतर आणि विशेषतः आगगाडी आल्यानंतर पऱ्हाटीखालील क्षेत्र वाढत गेले. लांब धाग्याच्या 'बनी' कापसाची जागा आखूड धाग्याच्या, पण अधिक रुई देणाऱ्या 'जरी'ने घेतली. गायरान आणि पडीत जमिनीही नांगराखाली आल्या. साऱ्याचा हप्ता रोख, सावकाराचे देणे रोख, म्हणून पीकही रोखीचे हवे, अशी ही साखळी होती. घराची शाश्वती जी पूर्वी अंगणाजवळच्या पेवात होती, ती आता दूरच्या बाजारभावाने ठरणाऱ्या गठाणीत गेली.

बाजाराचेही रूप पालटले. कारंजा येथे १८८६ मध्ये स्थापन झालेला कापूसबाजार हा देशातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. बाजार नियमबद्ध झाला, तरी बंडी घेऊन आलेला कास्तकार बहुधा आधीच कर्जाने बांधलेला असे.

या स्थित्यंतराची दुसरी बाजू स्त्रियांच्या श्रमाची आहे. सरकी वेगळी करण्याचे काम पूर्वी घरोघरी हाताने फिरवावयाच्या रेच्यावर होई आणि ते मुख्यतः बायकांचे असे. वाफेवरील जिनिंगचे कारखाने निघाल्यावर रेचा अडगळीत गेला. त्याच बायका हंगामात पहाटेपासून जिनात मजुरीस जाऊ लागल्या. घरातील काम रोजंदारी बनले.

लक्ष्मण सत्या यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (१९९७) या ग्रंथात कापसाचा विस्तार आणि दुष्काळ यांचा कार्यकारणसंबंध मांडला आहे. १८९६-९७ मध्ये भाव चढले आणि १८९९-१९०० मध्ये पीकच बुडाले, तेव्हा पेवांतील साठ्याचा जुना आधार उरला नव्हता, हे त्या विवेचनाच्या प्रकाशात ध्यानात येते. आगगाडीने धान्य येऊ शकत होते. ते विकत घेण्यास पैसा मात्र नव्हता.

४. नागर वाङ्मयाचे मौन

या सर्व उलथापालथीचे पडसाद तत्कालीन वऱ्हाडातील लिखित मराठी वाङ्मयात कितपत उमटले? वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात दीर्घकाळ सेवा केलेले वि. मो. महाजनी (१८५१-१९२३) हे त्या काळचे येथील अग्रगण्य साहित्यिक. शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन'वर आधारलेले त्यांचे 'तारा' नाटक १८७९ चे. अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे (१८५४-१९३८) हे आपली रोजनिशी इंग्रजीत लिहीत. डिसेंबर १८९७ मध्ये शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वागताची धुरा खापर्डे यांच्याकडे होती. शहरी सुशिक्षितांचे जीवन अशा रीतीने नोंदले गेले. कास्तकाराची बोली मात्र ललित वाङ्मयाच्या उंबऱ्याबाहेर राहिली. या मौनाचा दोष व्यक्तींना देणे अनुचित होय. वाङ्मय म्हणजे काय, याविषयीच्या तत्कालीन कल्पनेतच ते मौन अंतर्भूत होते. वऱ्हाडी बोलीला कादंबरीत भरीव स्थान मिळण्यास उद्धव शेळके यांच्या 'धग'पर्यंत, म्हणजे १९६० पर्यंत, वाट पाहावी लागली.

५. मौखिक साक्ष

लिखित वाङ्मय जेथे मूक आहे तेथे मौखिक परंपरा बोलते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूजीचे, म्हणजेच गाडगेबाबांचे, बालपण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. वडिलांचा व्यसनापायी झालेला अंत, मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखण्यात गेलेले दिवस आणि सावकाराच्या घशात गेलेली मामाची जमीन हे चरित्रकारांनी नोंदलेले तपशील एका व्यक्तीचे असले, तरी ते त्या पिढीच्या अनुभवाचे प्रातिनिधिक रूप आहेत. पुढे कीर्तनातून कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, मुलांना शिकवा असे ते वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांना प्रश्न विचारीत सांगत. त्या उपदेशामागे एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडचा आर्थिक इतिहास उभा आहे. गाडगेबाबांचे कीर्तन केवळ समाजसुधारणेचे साधन म्हणून अभ्यासल्यास ही बाजू निसटते.

जात्यावरील ओव्या हे असेच दुसरे साधन. बैलजोडी, माहेरची वाट, भावाचे शेत, आगीनगाडी हे त्यांचे विषय. मात्र ओवीला तारीख नसते. एक पिढी दुसरीच्या ओवीत भर घालते. म्हणून तिच्याकडून घटनांचा दाखला मागू नये. कशाचे मोल वाटत होते आणि कशाची भीती, याचा दाखला ती देते. पऱ्हाटी, सरकी, रेचा, डवरा, पेव यांसारखे शब्दही दस्तऐवजाच्याच योग्यतेचे आहेत. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडात वऱ्हाडीचे नमुने आहेत. त्यांच्याशी हे शब्द ताडून पाहता येतात.

समारोप

सरकारी दप्तर किती जण गेले ते सांगते. मौखिक परंपरा जे गेले ते कसे जगत होते याकडे निर्देश करते. दोहोंपैकी कोणतेही एक साधन स्वयंपूर्ण नाही. दप्तराने ओवीला काळ पुरवावा आणि ओवीने दप्तराला माणूस, अशी परस्परपूरक पद्धती स्वीकारल्यास वऱ्हाडचा स्थानिक इतिहास लिहिणे शक्य आहे. पॅरिशच्या नोंदवहीची उणीव तिने पूर्णतः भरून निघणार नाही, हे मान्य करावयास हवे.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी हा विषय आपल्याच गावी उपलब्ध आहे. एक गाव, त्या गावचे जुने जमाबंदीचे कागद आणि त्याच गावातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या ओव्या व शब्द, एवढी मर्यादा आखून घेतली तरी पुरे. पेव कोठे होते हे दाखवू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कागद आणखी काही काळ टिकतील. ही साक्ष मात्र तितकी थांबणार नाही.