स्पष्ट बोलणे आणि थोडे मित्र

'आम्ही स्पष्ट बोलतो, म्हणून आम्हांस मित्र थोडे,' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हीही त्यांतलेच. तारुण्यात हे वाक्य मोठ्या दिमाखाने बोलत असू. साठी उलटल्यावर त्यातली पोकळी ध्यानी आली, ती वाचकांपुढे ठेवतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. तेथे नुसते सत्य पुरेसे मानलेले नाही. बोलणे दुसऱ्यास न खुपणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे, अशी चार लक्षणे एकत्र आहेत. पाठशाळेत आम्ही तो श्लोक घोकला, अन्वय लावला. पण चारांतले एक उचलले आणि तीन तेथेच ठेवून आलो.

गोरोबाकाकांची कथा आपण जाणता. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवरायांस कच्चे मडके ठरविले. नामदेवराय दुखावले, पंढरीस गेले. पण त्यातूनच पुढे औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांची गाठ पडली, गुरुकृपा झाली. बोलणे कठोरच होते. मग ते फळले कसे? कुंभार मडके घडविताना पाहा. बाहेरून थापटणे पडते, तेथेच आतून दुसऱ्या हाताचा टेका असतो. टेका काढा, तेच थापटणे मडके फोडील.

आमच्या दिंडीत एक मृदंगवादक होते. वीस वर्षे त्यांनी आम्हांस साथ केली. एका एकादशीस त्यांचा ठेका सुटू लागला. भर कीर्तनात आम्ही म्हणालो, "माउली, हात चालत नसेल तर मृदंग खाली ठेवा." तोंडी माउली होती, बोलण्यात नव्हती. त्यांनी अभंग पुरा होईतो वाजविले, मृदंगास खोळ घातली आणि गेले. पुढच्या वारीस आले नाहीत. बोटांना वाताने धरले होते, हे आम्हांस मागाहून कळले. वीस वर्षांच्या सोबत्यास 'काय होतंय?' एवढे विचारले नव्हते. गेल्या माघात त्यांच्या दारी गेलो. त्यांनी पाणी दिले, विचारपूस केली, मृदंगाचा विषय काढला नाही. आमच्याही तोंडून शब्द फुटेना.

सत्य सोडा, असे आम्ही म्हणत नाही. गोड बोलून कच्च्यास पक्का म्हणणे हाही द्रोहच. पण आधी विचारावे, मग सांगावे. आणि सांगणे ते एकांतात. आतला हात नसेल तर थापटणे उचलू नये.

यंदा आषाढीस निघण्यापूर्वी पुन्हा त्या दारी जाणार आहोत. नुसते पाणी पिऊन उठणार नाही. 'चूक आमची झाली,' एवढे बोलूनच उठू. जन्मभर दुसऱ्यांस स्पष्ट सांगितले. एकदा स्वतःविषयीही सांगावे.

रामकृष्णहरि.