ससा, कोल्हा आणि शेताची कड

रानांत ससे दिसेनासे झाले कीं दोष कोल्ह्याच्या माथीं मारावा, ही शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. हा न्याय कितपत खरा, याचा विचार आपण इंग्लंडांतील शेतांच्या उदाहरणानें करूं. तेथील तपकिरी ससा बिळांत राहत नाहीं, उघड्या रानांत राहतो. तेथील कोल्हा म्हणजे तांबड्या केसांचा, आपल्या खोकडाचा थोरला भाऊच समजावा.

या सशाची मादी वर्षांतून तीन-चार वेळां विते. पिलें जन्मतःच डोळे उघडलेलीं व अंगावर लव असलेलीं असतात, आणि थोड्याच दिवसांत तीं वेगळालीं होऊन दडून बसतात. आई दिवसांतून एकदां, सूर्यास्तानंतर येते, कांहीं मिनिटें पाजते व निघून जाते. पळून जीव वाचविण्याचें बळ पिलांस नसतें; निश्चल पडून राहणें एवढेंच त्यांचें रक्षण. मोठा ससा कोल्ह्याच्या हातीं सहसा लागत नाहीं, पिलूं लागतें. तेव्हां प्रश्न इतकाच कीं, पिलूं दडलें आहे तें ठिकाण कोल्ह्यास शोधावयास सोपें कीं अवघड?

पूर्वीं तेथें गहूं, जव, सलगम, गवत व पडीक यांचे लहान लहान तुकडे शेजारीं शेजारीं असत. १९४५ नंतर यंत्रें वाढलीं, पुष्कळ कुंपणें मोडलीं, आणि एकाच पिकाचीं विस्तीर्ण शेतें झालीं. हिवाळी गहूं उन्हाळ्याच्या तोंडीं उंच व जून होतो. त्यांत सशास कोंवळा चारा मिळत नाहीं. आडोसा उरतो तो कडेच्या अरुंद गवताचा. आणि रात्रीं कोल्हा हिंडतो तो बहुधा अशाच कडेकडेनें! एका फेरींत ती सारी पट्टी त्यास हुंगतां येते. रुंद पडीक रानांत तेवढ्याच पिलांसाठीं त्यास फार भटकावें लागतें. म्हणून एक हातभर पट्टी राखून सशावर मोठा उपकार केला, असें कोणीं समजूं नये.

तर मग कोल्हा निर्दोष काय? तसेंही नाहीं. लेस्टरशायर परगण्यांतील लॉडिंग्टन येथें सुमारें ८०० एकरांच्या शेतीवर १९९० नंतरच्या दशकांत आडोसा राखला व शिकारी प्राण्यांसही आवरलें. ससे पुष्कळ वाढले. २००१ नंतर प्राण्यांस आवरणें थांबलें. रान होतें तसेंच राहिलें, तरी ससे घटले. स्वीडनांतही १९७० नंतर खरजेच्या सांथीनें कोल्हे मेले तेव्हां ससे वाढले, आणि कोल्हे सांवरल्यावर पुन्हां कमी झाले.

एक गोष्ट मात्र पूर्णपणें शेतकऱ्याच्या हातीं आहे, ती गवत कापण्याची. यंत्र कडेकडेनें फिरवीत आंत नेलें तर सारे प्राणी मध्यें कोंडले जातात. मध्यापासून बाहेर कापीत आणलें तर ज्यांस पळतां येतें त्यांस वाट मिळते. अगदीं तान्हें पिलूं तेव्हांही हालत नाहीं. तें पात्यांतून वांचलें तरी उघडें पडतें, आणि ताज्या कापलेल्या शेतांत कोल्हा त्याच रात्रीं फिरूं लागतो.