दडपलेली स्प्रिंग

आमच्या शहापूरच्या घरी माळ्यावर एक जुनी छर्‍याची बंदूक होती. नळी मोडून भरायची, जत्रेत फुगे फोडायला असते तशी. बी. एस्सी.च्या दुसर्‍या वर्षाला असताना मी ती उघडायला बसलो. मागच्या बुचाची आडवी पिन ठोकून बाहेर काढली मात्र, बूच माझ्या कानाजवळून गेले आणि भिंतीचा गिलावा उडवून खाली पडले. बंदुकीत छरा नव्हता, ती चढवलेलीही नव्हती. मग एवढा जोर आला कोठून?

उत्तर सोपे आहे, पण ते मला भिंतीकडून शिकावे लागले. बंदूक न चढवलेली असली तरी आतली स्प्रिंग मोकळी नसते. सिलिंडरात बसवतानाच ती काही सेंटिमीटर दडपलेली असते. समजा, स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला ५ न्यूटन बल लागते आणि ती मुळातच ५० मिलिमीटर दाबलेली आहे. म्हणजे बुचावर सतत २५० न्यूटनचा, सुमारे पंचवीस किलोच्या पोत्याएवढा रेटा आहे. त्यातील साठवलेली ऊर्जा सुमारे ६ जूल. चढवताना ती आणखी ८० मिलिमीटर दाबली, की हीच ऊर्जा ४२ जूलच्या वर जाते, कारण ऊर्जा दाबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चढवलेली बंदूक उघडणे हा निव्वळ आत्मघात होय. न चढवलेलीही विश्वासाची नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

तेव्हा पहिले काम, नळी सुरक्षित दिशेला धरून बंदूक रिकामी आणि न चढवलेली असल्याची खात्री करणे. नळी मोडलेली असताना चापाला बोट लावू नये; स्प्रिंग सुटली तर नळी झटक्याने वर येते आणि बोटे सापडतात. मग लाकडी दस्त्याचे स्क्रू काढून सिलिंडर वेगळा करावा. यापुढे हाताच्या जोरावर भिस्त ठेवू नये. सुताराचा लांब क्लॅम्प घ्यावा, एका टोकाला नळीच्या तोंडाशी लाकडाचा ठोकळा, दुसर्‍या टोकाला बुचावर ठोकळा. क्लॅम्प हलकेच आवळला की पिनेवरचा भार उतरतो आणि ती बोटाने सरकते. जी पिन हातोडीशिवाय हलत नाही, तिच्यावर अजून भार आहे असे समजावे. (माझी हातोडीच चुकली होती.) पिन निघाल्यावर क्लॅम्प एकेक फेरा सैल करत जावे, स्प्रिंग पूर्ण मोकळी होईपर्यंत. या वेळी तोंड बुचाच्या रेषेत नको. काही बंदुकींत बूच आट्यांचे असते. तेथेही शेवटचे आटे क्लॅम्पमध्येच सोडवावेत. दट्ट्या ओढण्यापूर्वी चढवण्याचा दांडा सोडवावा लागतो.

सुधारणा म्हणजे अधिक कडक स्प्रिंग, असा मुलांचा समज असतो. मला तो पटत नाही. झटका वाढतो, नेम बिघडतो, आणि भारतात विनापरवाना एअर रायफलला २० जूलची मर्यादा आहे, तीही ओलांडली जाऊ शकते. खरा फायदा बारीक कामात आहे. स्प्रिंगची टोके घासून गुळगुळीत करावीत, आतला मार्गदर्शक दांडा सैल असेल तर उद्यमबागेतल्या एखाद्या टर्नरकडून नेमक्या मापाचा करून घ्यावा, म्हणजे झणझणाट बराच जातो. दट्ट्याचा चामडी वायसर वाळला असेल तर बदलावा. ग्रीस मात्र कंजूषपणे. दट्ट्यापुढच्या पोकळीत तेल राहिले, तर हवा दाबली जाऊन इतकी तापते की ते पेट घेते. डिझेल इंजिनाचे तत्त्व ते हेच. धडाका ऐकून गंमत वाटते, पण वायसर आणि स्प्रिंग दोन्ही त्याने खराब होतात.

जोडणी उलट क्रमाने, त्याच क्लॅम्पमध्ये. नंतर रिकामा बार कधी काढू नये. छरा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि दट्ट्या थेट सिलिंडरच्या टोकावर आदळतो. पहिले काही छरे धुरकट निघाले तर घाबरू नये. उरलेले ग्रीस जळले, की धूर थांबतो.