शांत गल्लीचे मोकळे जलरंगचित्र

कोकणातून व घाटावरून गिरणीकामासाठी मुंबईस गेलेल्या कुटुंबांमुळे लोअर परळचे नाव खेड्यांतील मुलांना सहसा अपरिचित नसते. तेथील ना. म. जोशी मार्गावर, म्हणजेच जुन्या डिलाईल रोडवर, मुंबई विकास खात्याने १९२० नंतरच्या दशकात बी. डी. डी. चाळी बांधल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढे या चाळींचाही पुनर्विकास हाती घेण्यात आला. जे दृश्य पालटणार, ते आधी नीट पाहण्याची सवय लावणे हा या पाठाचा हेतू होय.

उदाहरणादाखल दोन चाळींमधील दुपारची गल्ली घ्यावी. तळमजल्यावर तीन मजले, खिडक्यांच्या रांगा, बाहेर वाळत घातलेले कपडे. असे दृश्य पाहताच मूल फूटपट्टीने खिडक्या आखू लागते आणि गल्ली राहून जाते. म्हणून पुढील क्रम ठेवावा.

१. डोळे किलकिले करून उजेड, मध्यम छाया व गडद छाया एवढेच भाग ओळखावे.

२. पेन्सिलीच्या पाचसहा फिकट रेषांत इमारतींचे आकार मांडावे.

३. कागद किंचित उतरता धरून मोठ्या कुंचल्याने आकाश व भिंतींवर पातळ रंग द्यावा. ओल्या रंगावर पुन्हा कुंचला फिरवू नये. रंग गढूळ होतो.

४. सुकल्यावर भिंतीची व जमिनीवरील सावली एकाच सलग लेपात घ्यावी.

५. शेवटी चारदोन खिडक्या व एखादी मनुष्याकृती गडद रंगाने सुचवावी. कपड्यांसाठी कागद कोराच सोडावा.

जलरंग पारदर्शक असल्याने चित्रातील उजेड कागदाच्या शुभ्रतेतूनच येतो. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांनी ‘ग्लो ऑफ होप’ या चित्रात स्त्रीच्या बोटांतून झिरपणारा दिव्याचा प्रकाश याच माध्यमात साधला आहे.

गुण देताना रेषांच्या सरळपणापेक्षा ऊन कोणत्या बाजूचे आहे हे चित्रातून कळते का, ते पाहावे. पुढील तासास मुलांनी आपल्याच गावची आळी याच क्रमाने रंगवावी व चित्रावर स्थळ आणि तारीख लिहावी. उद्या तेथील जुने घर पडले, तरी ते कसे होते हे सांगणारा कागद शाळेच्या कपाटात राहील.