कान घडवायचा, पण कधी?

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा आहे. उजवा कान जन्मतःच शेंगदाण्याएवढा. सासूबाई म्हणतात, मी ग्रहण पाळलं नाही म्हणून. बरगडीपासून कान तयार करतात म्हणे. आत्ताच करून घ्यावा का?

उत्तर : ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही, हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगा. शस्त्रक्रियेला मात्र थांबा. कानाचा सांगाडा साधारण सहाव्या ते नवव्या बरगडीच्या कूर्चेतून कोरतात. पाचव्या वर्षी ती सहसा पुरत नाही. जपानच्या डॉ. नागाता यांच्या पद्धतीत वय १० आणि छातीचा घेर ६० सेंटिमीटर होईपर्यंत थांबतात. आधी सांगाडा त्वचेखाली बसवतात, सुमारे सहा महिन्यांनी तो डोक्यापासून उचलून मागे त्वचा लावतात. छाती काही दिवस चांगलीच दुखते, व्रणही राहतो. कान डाव्यासारखा हुबेहूब होईल असं कुणी सांगितलं, तर दुसरा सर्जन शोधा.

या शस्त्रक्रियेने ऐकू येणं सुधारत नाही. म्हणून दोन्ही कानांची श्रवणचाचणी झाली नसेल तर याच आठवड्यात करा. गरज पडल्यास हाडावाटे ऐकवणारं यंत्र डोक्याच्या पट्ट्यावर आत्ताही लावता येतं.