वेश आणि चेहरा, एकाच वहीत

महाविद्यालयातल्या मुलांनी लघुपट करायचं ठरवलं की कॅमेऱ्यावर भरपूर चर्चा होते. कपडे आणि रंगभूषा मात्र वेगवेगळ्या पोरांकडे सोपवून मोकळी होतात. वसमत भागात अशा मुलांसोबत काम करताना या वाटणीचा फटका मी जवळून पाहिला आहे.

कथा हळदीच्या कामावर जाणाऱ्या मजूर बाईची होती. वेशभूषेच्या गटाने साडी पिवळ्या रंगात माखली, रंगभूषेच्या गटाने पिवळी पावडर आणली. दोन्ही गटांची गाठ पडली ती थेट चित्रीकरणाच्या सकाळी. साडीवरचा पिवळा लिंबासारखा, चेहऱ्यावरचा केशरीकडे झुकणारा, आणि तोही दोन्ही गालांवर सारखा फासलेला. पडद्यावर मजूर बाई दिसेना, हळद लागलेली नवरी दिसू लागली. सगळं चित्रीकरण बाद करावं लागलं.

मग मुलं हळद शिजवतात तिथे गेली. एका मावशींनी हात पुढे केले. पिवळेपणा नखांच्या कडांत आणि तळहाताच्या रेषांत मुरला होता; गालावरचा घामासोबत पुसला गेला होता. साडीवर पुरुषाचा जुना शर्ट चढवलेला. वाळलेल्या हळदीला पॉलिश करणाऱ्या ड्रमजवळच्या बायकांचं रूप निराळं. तिथे कोरडी भुकटी उडते आणि भुवयांवर, तोंडाला बांधलेल्या रुमालावर बसते. म्हणजे बाई नेमकं कोणतं काम करते हे ठरल्याशिवाय साडीही ठरत नाही आणि चेहराही. दोन्ही गटांनी हे एकत्र पाहिलं, तेव्हा कुठे काम जुळलं.

पुढे आणखी एक घोळ झाला. कुणीतरी साडी साबणाने धुऊन उन्हात वाळत घातली. हळदीचा डाग साबण-सोड्याने लालसर होतो आणि उन्हात फिका पडतो. एकाच प्रसंगात पदर दोन रंगांचा दिसू लागला.

वेश आणि चेहरा जुळणं मोठ्या चित्रपटांतही तितकंच गरजेचं. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळालं. त्या चित्रपटात सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर पंचा नेसलेला वृद्ध होतो. कपडे बदलले आणि चेहऱ्याचं वय तिथेच राहिलं, तर असा प्रवास कुणाला पटेल?

म्हणून मुलांनो, एवढं कराच. प्रत्येक पात्राची एकच वही ठेवा आणि ती दोन्ही गटांनी मिळून लिहा: वय, काम, दिवसाची वेळ, कपड्याला काय लागतं, कातडीला काय लागतं. पूर्ण वेश आणि पूर्ण रंगभूषा करून, त्याच उजेडात, त्याच कॅमेऱ्याने आधी चाचणी घ्या. प्रत्येक प्रसंग संपला की चेहरा, हात, पाय, पदर यांचे फोटो काढा. डाग पडलेला कपडा विचारल्याशिवाय धुऊ नका. शक्य असेल तर तशाच दोन साड्या ठेवा. मिशीचा डिंक असो की रंग, आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा. खाज सुटली तर तो वापरूच नका. गरिबी दाखवायची म्हणून कुणाचा चेहरा काळा करू नका. त्यात त्या माणसांचा अपमान आहे.

आणि ज्यांचं आयुष्य दाखवताय, त्यांना चाचणीचे फोटो आधी दाखवा. "आम्ही असे दिसत नाही," असं ते म्हणाले, तर चित्रीकरण पुढे ढकला.